दोघांचं एकच नाक

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकताना गुडघे कुरकुरले, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदी नाही, याची खात्री बाळग.) तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? तू फोनवर तपासणीचं विचारलंस आणि मी "सगळं उत्तम" म्हणून फोन ठेवला, तेव्हा तुला संशय आलाच असणार. पण फोनवर माझं काही धड होत नाही. ऑपरेशन झालं तरी माझा आवाज खाली उतरला तो उतरलाच. परवा नळ दुरुस्तीवाल्यानं फोनवर "साहेब, बाई आहेत का घरात?" असं विचारलं. मी "बोलावतो" म्हणाले आणि जरा वेळानं आवाज बारीक करून परत आले. शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईवर ही वेळ!

वहिनीला माझा आजार अजून नीट उमगलेला नाही म्हणालास, म्हणून आधी तिच्यासाठी सांगते. डोक्याच्या तळाशी, नाकाच्या मागे, वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. माझ्या ग्रंथीवर गाठ झाली आणि ती वाढीचं हार्मोन भलत्या वयात सोडत सुटली. या हार्मोननं लहान मुलांची उंची वाढते, आपली मोठ्यांची हाडं उंचीला तर वाढत नाहीत, मग वाढणार कुठे? नाक, जबडा, हात, पाय. नाकातूनच गाठ काढली. (इतकं मोठं नाक कुठेतरी कामी आलं.) पण गाठ परत डोकं वर काढू शकते, म्हणून दरवर्षी रक्त, डोळे, हृदय, डोक्याचा फोटो अशी सगळी वारी करायची, जन्मभर. मला खरं म्हणजे त्याचा कंटाळा येत नाही. एवढासा वाटाणा अख्ख्या माणसाला कसा नाचवतो, याचं मला भारी कुतूहल आहे. मी इतके प्रश्न विचारते की डॉक्टरीणबाई मला मुद्दाम शेवटी आत बोलावतात.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. उपाशीपोटी साखरेचं पाणी प्यायचं आणि मग थोड्या थोड्या वेळानं रक्त देत बसायचं, अशी ती तपासणी असते. साखर पोटात गेली की हे हार्मोन खाली यायला हवं. मी ते गुळमट पाणी कसंबसं घशाखाली ढकलत होते, तेवढ्यात नर्स म्हणाली, "या वेळी भावाला सोबत आणलंत, बरं केलंत हो!" मला वाटलं तूच आलास. वळून पाहते तर शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ, हातात तसाच पेला. तेच नाक, तोच जबडा, तेच सुपाएवढे हात. मी मिशा लावून आरशासमोर बसले असते तर असंच दिसलं असतं. दोघंही एकमेकांकडे टक लावून बघत राहिलो. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं की हा आजार सगळ्यांना एकाच साच्यात घालतो, नात्याचा काही संबंध नाही. पण मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. इतकी वर्षं ज्या नाकापायी मी फोटो काढून घेत नव्हते, तेच नाक दुसऱ्याच्या तोंडावर चांगलं कसं काय दिसत होतं?

हे गृहस्थ कुलूपवाले. पूर्वी पेट्यांची, दागिन्यांच्या डब्यांची बारीक कुलपं दुरुस्त करायचे. बोटं जाड झाली आणि बारीक काम सुटलं, आता तिजोऱ्या नि मोठाली फाटकं. बायको फार पूर्वी गेली, मूलबाळ नाही. आठवड्यानं निकाल घ्यायला आम्ही पुन्हा समोरासमोर आलो. माझं हार्मोन मुकाट्यानं खाली आलं होतं, त्यांचं मात्र वर चढलं होतं. हार्मोन आवरणारी दर महिन्याची सुई मधे काही वर्षं बंद होती, ती परत सुरू करायची, नाहीतर हृदयावर ताण येईल, उरलेली गाठ वाढून डोळ्यांवरही बेतेल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. कुलूपवाले उठले, "पुरे झालं आता. वाढेल ते वाढू दे," म्हणाले आणि चालू लागले.

दादा, मला राहवेना. मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. ते कठड्याला धरून उभे होते.

"दर महिन्याला ती जाडजूड सुई," ते म्हणाले, "आणि तीही जन्मभर. कुणासाठी हो?"

मग नेहमीप्रमाणे माझ्या तोंडून प्रश्नच बाहेर पडला, "ती सुई घेतल्यावर बसता येतं का?"

ते एकदम हसले. "एकाच बाजूवर येतं."

"मग मी त्या बाजूला बसते. कलंडलात तर धरीन," मी म्हटलं. (असं का म्हटलं, मला विचारू नकोस. वहिनीला तर मुळीच विचारू देऊ नकोस.) ते परत आत आले आणि त्याच दिवशी सुई घेतली.

तेव्हापासून दर महिन्याला मी सोबत जाते. सुई झाली की आम्ही दवाखान्याच्या बागेतल्या बाकावर बसतो, ते डावीकडे कललेले, मी त्याच बाजूला टेकू. कुलपाच्या पोटात काय काय असतं ते मी विचारते आणि ते न कंटाळता सांगतात. अधूनमधून ते गुणगुणतातही. सूर औषधालासुद्धा नाही. मी दुसऱ्या कुणाला गप्प बसवलं असतं.

परवा दोघांच्या वर्षाच्या तपासणीचा निकाल आला. त्यांचं हार्मोन खाली आलं, माझंही ठीक आहे, माझ्या डोक्याचा फोटो स्वच्छ आणि त्यांची गाठ वाढलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान! आता असंच येत राहायचं, जन्मभर." हा शब्द ऐकला की पूर्वी मी घाईनं दुसराच प्रश्न काढायचे. या वेळी आम्ही दोघं उगीचच खिडकीबाहेर बघायला लागलो.

बाकी क्षेम. प्रकृतीला जप आणि जड काही उचलू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. पुढच्या महिन्यात एक दिवस रजा काढून येशील का? एका सहीचं काम आहे. साक्षीदार म्हणून, विवाह नोंदणी कचेरीत. लग्न माझं. (वहिनीला आधी खाली बसव, मग सांग.)

आणखी एक ता. क. नुसती सही पाठवून भागणार नाही, तुला जातीनं यावं लागेल. आम्हा दोघांना बघून तिथला कारकून म्हणाला, "सख्ख्या भावंडांचं लग्न इथे लागत नाही." डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवली तर म्हणतो, आजार आहे हे पटलं, पण हे तुमचे भाऊ नाहीत हे कशावरून? तेव्हा माझा खरा भाऊ कसा दिसतो ते त्याला एकदा बघू दे. आणि येताना मिशी काढून ये. तुझं नाक आधीच एवढंसं, ते त्याला नीट दिसायला हवं.