माझ्या पश्चात चालवायची पावसाची तक्रार

मी, सुजाता नागसेन मेश्राम, वय एकाहत्तर, स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार स्मृति नगर, भिलाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर दबाव आणण्याचे प्रयत्न झाले. त्यांचा उपयोग झाला नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरणाचा विचार करायला सवड नव्हती.

१. स्मृति नगरचं घर मी मुलगा राहुल, नोकरी रसमडा येथील कारखान्यात, याला देते. त्याला एक अट आहे. ती कलम चारमध्ये आहे आणि त्याने ती आनंद मानण्याआधी वाचावी.

२. धमधा तालुक्यातलं पावणेदोन एकर वावर मी पंचफुला लहानू खोब्रागडे हिला देते. माझे पती नागसेन यांनी ते निवृत्तीनंतर घेतलं. ते गेल्यापासून अकरा वर्षं पंचफुला तिथे बटईने टमाटर लावते. राहुलला त्या वावराचा धुरा, म्हणजे बांधसुद्धा, दाखवता येणार नाही, त्यामुळे त्याने हरकत घेऊ नये.

३. पुढची हकीकत माझ्यामागे कोणी सोयीने विसरू नये, म्हणून इथे लिहिते. खरीप २०२३ मध्ये मी आणि गावच्या छत्तीस शेतकऱ्यांनी टमाटरचा हवामान विमा काढला. करार असा की सलग वीस दिवस कोरडे गेले तर भरपाई. पाऊस मोजणार पंचायतीच्या आवारातलं कंपनीचं यंत्र. ऑगस्टमध्ये सलग सव्वीस दिवस थेंब पडला नाही. फुलं गळाली, झाडं उभी वाळली. कंपनीने कळवलं की यंत्रावर जवळपास रोज पाऊस आहे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला सुवाच्य अक्षर आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं शिकवलं. मी यंत्राच्या नोंदी मागवल्या. सात महिन्यांनी आल्या. रोज सकाळी सव्वासातला तीन मिलिमीटर पाऊस, रविवार धरून. फक्त अकरा आणि बारा ऑगस्टला नाही. इतक्या वक्तशीर आमच्या मदर सुपिरिअरही नव्हत्या.

मी गावी गेले. यंत्राची राखण तेव्हा पंचफुलाचा नवरा लहानू करायचा. त्याला विचारलं, "अकरा-बारा ऑगस्टला कुठे होतास?"

"लेकीच्या बाळंतपणाले, राजनांदगावले. कावून बाई?"

"आणि बाकीचे दिवस सकाळी सव्वासातला काय करत होतास?"

"मशीन धुवून राहिलो होतो ना. साहेबानं सांगतलं, साफ ठेवजो. रोज गडवाभर पाणी टाकून फडक्यानं पुसलं."

"लहानू, तू महिनाभर पाऊस पाडलास."

तो मग म्हणाला, "मंग माह्या वावरात कावून नाई पडला, बाई?"

हाच प्रश्न मी ग्राहक आयोगापुढे सदतीस जणांच्या वतीने विचारला आहे. लहानूने खरं ते लिहून दिलं आणि त्याची राखणदारी गेली. कंपनी आता सगळं त्याच्यावर ढकलते. यंत्र कसं साफ करायचं हे त्याला कोणी दाखवलं नाही, आणि आकाश कोरडं असताना सव्वासातचा पाऊस नोंदींत पाहून एकाही साहेबाला शंका आली नाही. लहानूला दोषी ठरवणारी कोणतीही तडजोड माझ्या नावाने करू नये.

४. माझ्यामागे तक्रार चालवण्याचा हक्क पंचफुला आणि माझी नात उन्नती या दोघींना आहे. उन्नती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक तीच. कंपनी मला एकटीला भरपाई द्यायला तयार झाली होती. राहुल म्हणाला, "आई, तुले देऊन राहिले ना ते? ले लो और खतम करो." बाकीच्या छत्तीस जणांचं काय, यावर त्याने मोबाइल पाहिला. म्हणून अट: राहुलने तक्रार मागे घेण्याच्या किंवा वेगळ्या तडजोडीच्या कागदावर सही केली, तर त्या दिवसापासून घर उन्नतीचं. तो माझा मुलगा आहे, मला तो आवडतो, आणि मी त्याला ओळखते.

५. नेहरू नगरची माझी नणंद भागाबाई मला चारचौघांत "भेदरेवाली" म्हणत आली आणि दरवर्षी टोपलीभर भेदरे, म्हणजे तेच टमाटर, घेऊन जात आली. माझ्या चटणीची कृती तिला देऊ नये. पुस्तकं, शिलाई मशीन आणि बँकेतली ठेव उन्नतीला. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात.

६. कंपनीचे वकील सभ्य आहेत. दर तारखेला विचारतात, "माताजी, तबीयत कैसी है?" आणि लगेच पुढची तारीख मागतात. अशा नऊ तारखा झाल्या; सदतीसपैकी दोघं तेवढ्यात गेली. तिसरी मी, असा त्यांचा हिशेब दिसतो. म्हणून या मृत्युपत्राची नक्कल मी आजच त्यांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवत आहे. त्यांनी माझ्यासाठी थांबू नये. माझ्यानंतर पंचफुला उभी राहील, आणि ती माझ्याहून तीस वर्षांनी लहान आहे.

हे सर्व वाचून, समजून, चष्मा लावून मी सही केली आहे.

(सही) सुजाता नागसेन मेश्राम
भिलाई, दिनांक १८ फेब्रुवारी २०२६

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं:
१. (सही) आम्रपाली गजभिये, निवृत्त परिचारिका, स्मृति नगर
२. (सही) रूपेश डोंगरे, औषध दुकानदार, नेहरू नगर