बलूनमधून उडी कोणी मारायची?

लंडन, मे १८२९

तीर्थरूप हेप्सिबाताई हिस धाकट्या ओबेदचा नमस्कार. तुझा खोकला थांबला असेल, कोंबड्या अंडी देत असतील. मी जिवंत आहे. (हे लिहिताना स्वतःला चिमटा काढून पाहिला.)

आमचे थॅकहॅमसाहेब माणूस देवासारखे, पण त्यांनी एक तत्त्व धरलंय: ज्यानं जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त सुख होईल, तेच काम चांगलं, आणि मोजताना राजा एक, तर साहेबांचे बूट पुसणारा मीही एकच. जमिनीवर हे ऐकायला फार गोड वाटतं. मंगळवारी ते मला घेऊन बलूनमध्ये बसले. तिसरा, बलून हाकणारा ग्रिंडल. तासाभरात वर कुठंतरी कापड उसवलं, गॅस फुसफुसायला लागला, नि खाली बघतो तर नदी संपून समुद्र! वाळूच्या पिशव्या फेकल्या, नांगर फेकला, माझी भाजलेली कोंबडी फेकली (ती मी शेवटपर्यंत धरून ठेवली होती). तरी आम्ही खालीच. ग्रिंडल म्हणाला, "अजून एका माणसाचं वजन जास्त होतंय."

साहेबांनी शांतपणे वही काढली. ताई, तिघांत जाडा मीच. "ग्रिंडल गेला तर सगळेच बुडू," साहेब म्हणाले. "उरलो तू नि मी. ओबेद, तू गेलास तर किती जण रडतील? किती दिवस? खरं सांग." समुद्राचा खारा वास नाकात शिरत होता. तोंडून निघून गेलं, "विधवा बहीण, साहेब, नि तिची पाच पोरं. जन्मभर." साहेबांनी ते लिहून घेतलं. "मला रडणारं कुणी नाही," म्हणाले, कोट काढून नीट घडी घातली, नि टोपलीच्या काठावर पाय टाकला.

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. "सोड, गाढवा! बेरीज चुकतेय!"

"चुकू दे!" म्हणून मी भोकाड पसरलं. त्या झोंबाझोंबीत आम्ही समुद्रात आपटलो, नि तो ओहोटीचा, घोटाभर पाण्याचा चिखल निघाला. साहेबांनी चिखलातच बसून वही उघडली, नि म्हणाले, "तू रडलास, ओबेद. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं."

तुझा, ओबेद

ता. क. साहेब रविवारी तुझ्या पाच पोरांना खाऊ घेऊन येताहेत. तुझं लग्नच झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. शेजारून पोरं जमव, नि विधवेचे काळे कपडे घाल.

आणखी ता. क. येणार बलूनमधूनच, मला घेऊन. ग्रिंडलनं कापड शिवलंय म्हणे. परतताना पुन्हा वही निघाली तर? ताई, आठ पोरं जमतील का?