घानातलं शेषेरावांचं गाणं

लातूर, ३ मार्च १९८३

चि. व्यंकट भाऊजींस अनेक आशीर्वाद.

कॅसेट पोचली. वीस वर्षं आफ्रिकेचं संगीत अभ्यासणाऱ्याला वहिनीकडे टेपरेकॉर्डर नाही हे सुचलं नाही, म्हणून मी सिद्धराम टेलरच्या टेपवर ऐकायला गेले. लातूर आता जिल्हा झालाय. कलेक्टर आले, पाट्या आल्या, पाणी तेवढं यायचंय. टँकरच्या रांगेतल्या बाया घागरी तिथंच ठेवून ऐकायला आल्या. परमुलखातली माणसं शेषेराव, शेषेराव म्हणून रडत होती. सख्खा भाऊ गेला तेव्हा तुम्ही तार पाठवलीत. आता रडायला माणसं लावलीत. प्रगती आहे.

गाण्याचा अर्थ तुम्ही लिहिलात: दानशूर, गोड बोलणारा. शेजारच्या गंगम्मानं विचारलं की ह्यो कोन्ता शेषेराव, आपला तर न्हाई.

कळावे. लोभ सवडीनं करावा.

कस्तुराबाई

*

उत्तर घाना, २ एप्रिल १९८३

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

रागावलात, बरोबर आहे. इकडेही पाऊस नाही. ज्याच्या घरी मी वीस वर्षं जेवतो तो बायोर, दादा गेल्याची तार आली त्या दिवशी उठून माणसं गोळा करायला गेला. इथं लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवत, गेलेल्या माणसाचे गुणदोष गातात, त्याशिवाय सुतक सुटत नाही. मला म्हणाले, भाऊ कसा होता ते सांग. मी सतराव्या वर्षी घर सोडलं. जे सुचलं ते सांगितलं.

बायोरनं ते ओळखलं. म्हणाला, हा माणूस नाही, भिंतीवरचा फोटो आहे. त्याच्या बायकोला विचार, मग पुन्हा गाऊ. वहिनी, मला दादा ठाऊक नव्हता. तुम्ही लिहिलं नाही तर तो इथं फोटोच राहील.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असावा.

आपला व्यंकट

*

लातूर, ५ मे १९८३

चि. व्यंकट भाऊजींस अनेक आशीर्वाद.

बायोर शहाणा दिसतो. तुमच्यासोबत वीस वर्षं कशी काढली, विचारा.

गायला सांगा: चहा पांचट झाला तर शेषेराव दोन दिवस बोलत नसे. पाहुण्याला बस म्हणायच्या आधी, जाणार कधी, ते विचारी. तुमच्या पत्राला रिकामा उद्योग म्हणे, आणि तेच पत्र खिशात घालून नांदेडच्या बाजारापर्यंत दाखवत फिरे.

आणखी एक आहे, ते शेवटी गावं. मी किराण्याच्या पुड्यांवरून वाचायला शिकले. त्यांना कळलं. शाबास म्हणाले नाहीत, कुणाला सांगितलंही नाही. फक्त त्या दिवसापासून पुडी फाडून उघडायचं सोडलं. दोरा हळू सोडवत, कागद हातानं सरळ करत आणि चुलीपाशी माझ्याकडे सरकवून बाहेर जात.

कळावे,

कस्तुराबाई