११ एप्रिल २०३०चे व्याख्यान

मी, निवृत्ती रामराव तायडे, वय ७१, माजी शिक्षक, राहणार वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, डोके मात्र चालते. कोणाच्या दबावाने नव्हे, पूर्ण समजून हे लिहून ठेवतो. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सिंधूताई हिची. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये. माझी भाषणे सर्वांत जास्त तिने ऐकली. त्या मानाने हे थोडेच आहे.

२. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाला माझ्यावर कोणी भाषण करू नये.

३. फुले जयंतीचे विहारातले ग्रहताऱ्यांवरचे व्याख्यान छत्तीस वर्षे मी दिले. ग्रहणात पोटुशी बाई कोंडून ठेवणाऱ्या गावाला मी शनीची कडी दाखवली. चार वर्षांपूर्वी जयंती मंडळाने व्याख्यान बंद करून डीजे आणला. अध्यक्ष प्रसेनजित, माझाच विद्यार्थी, म्हणाला, "सर, गुरू काई पळून नाही चालला. पोराइले नाचू द्या न." त्याला मी माफ केलेले नाही. मात्र शेवटच्या वर्षी समोर नऊच जण होते, त्यातले दोघे सतरंज्या उचलायला थांबलेले, हेही खरे.

४. गुरूच्या युरोपा या चंद्राकडे २०२४ साली एक यान निघाले. तिथल्या बर्फाखालच्या समुद्रात जीव तग धरू शकेल का, हे ते तपासणार आहे. ते गुरूपाशी पोहोचायचे आहे ११ एप्रिल २०३० रोजी, नेमके फुले जयंतीला. खामगावच्या डायलिसिसवर मी तोवर टिकत नाही. त्या दिवशी विहारात कोणी उभे राहून हे सांगावे, एवढे मला हवे होते. मागच्या मृत्युपत्रात ते काम मुलगी महामाया हिच्यावर टाकले होते आणि त्या अटीवर माझी सहा इंची दुर्बीण तिला दिली होती.

५. ती अट काढून टाकतो. कारण नोंदवणे भाग आहे. १९९० साली, अकरा वर्षांची असताना, ती त्याच व्यासपीठावर व्हॉयेजरवर बोलायला उभी राहिली. यान नेपच्यूनपाशी थांबले, असे म्हणाली. मी भर सभेत तिच्या हातातून माईक घेतला, ते न थांबता पुढे गेले, अशी चूक दुरुस्त केली आणि नंतर सव्वा तास मीच बोललो. टाळ्या पडल्या. गेल्या महिन्यात तिला फोनवर अट सांगितली. ती म्हणाली, "बाबा, चार लोकाइत उभं राह्यलं की मले अजून घाम फुटते. तुम्ही कोणाले बोलू देलं काय कधी? आता कोण बोलन?"

छत्तीस वर्षांत मी श्रोते जमवले, बोलणारा एकही घडवला नाही. डीजे मंडळाने आणला. जागा मी रिकामी ठेवली होती.

६. दुर्बीण महामायेला, बिनशर्त. दुर्बिणीचा आरसा मी स्वतः सात महिने घासला आहे. तरी तिने ती विकावी, वाटावी किंवा माळ्यावर टाकावी.

७. ११ एप्रिल २०३०च्या व्याख्यानासाठी मी कोणालाही नेमत नाही. यान पोहोचेल. वडनेरात कोणाला कळणार नाही.

मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

निवृत्ती रामराव तायडे (सही)

साक्षीदार:
अर्जुनराव किसन वानखडे (सही)
सुवर्णा मधुकर सुरवाडे (सही)

वडनेर भोलजी, दि. २ फेब्रुवारी २०२६