माळ्यावरचं पातेलं

११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. वहिनीचा खोकला थांबला का? छकुलीसाठी आजीची शाल पाठवली आहे. धुतलेली नाही, मुद्दामच.

आईचं घर बरंचसं आवरून झालं. कपाटं झाली, स्वयंपाकघर राहिलं होतं. काल तिथेच बसून आईच्या गल्लीतल्या तुझ्या प्रयोगाच्या अहवालाचा मसुदा वाचला. मला कळावा म्हणून सोपा करून पाठवलास, बरं वाटलं. ऊन-वाऱ्यापासूनची वीज भरपूर असेल तेव्हा गल्लीतले गिझर चालवायचे, वीज अपुरी असेल तेव्हा थांबवायचे. एका मोठ्या वीजघराचं ओझं घराघरांनी थोडं थोडं उचलायचं. ज्याला थांबणं जमणार नाही त्याने भिंतीवरचं ‘नको’ बटण दाबायचं, की गिझर लगेच सुरू. तू याला घरोघरची लवचिकता म्हणतोस. आई म्हणायची, “माझे गुडघे सोडले तर या घरात सगळंच लवचिक आहे.”

एक गोष्ट मात्र खटकली. सबंध हिवाळ्यात गल्लीतल्या एकाही घराने एकदाही बटण दाबलं नाही, असं तू लिहिलं आहेस. दादा, या गल्लीत कचऱ्याचा डबा कुठे ठेवायचा यावर दोन घरांचं एकमत होत नाही. वर्गात सगळ्यांचं उत्तर सारखं आलं की मी उत्तर तपासत नाही, बाकांमधलं अंतर तपासते.

म्हणून समोरच्या शिंपीणकाकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं. मशीन न थांबवता त्या म्हणाल्या, “अगं, तुझी आई दारोदार फिरली होती. बटण दाबू नका, माझ्या लेकाची परीक्षा चालू आहे म्हणून.”

“मग सकाळी आंघोळीला पाणी?”

“गॅस आहे की. तो वीज मोजतो, गॅस कुठे मोजतो? पण त्याला सांगू नकोस हं. तुझ्या आईला शब्द दिलाय.”

दुपारी तापलेलं पाणी सकाळपर्यंत कोमट होतं, हे तुझ्या मसुद्यातही आहे. आईला कडकडीत लागायचं.

आई न्हाणीघरात घसरली आणि त्यातच गेली, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मीही तेच सांगत आले. त्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं होतं आणि तू तिची औषधांची फाइल शोधायला घरी आला होतास. मी दारात आले तेव्हा न्हाणीघर कोरडं होतं. ओली होती ती स्वयंपाकघरातून तिकडे जाणारी वाट, आणि तू ती पुसत होतास. तुझ्या हातात मी जन्मात फडकं पाहिलं नव्हतं. वाटलं, दुःखात माणूस काहीही करतो.

आज पाणी तापवायचं मोठं पातेलं शोधलं. ओट्याखालची त्याची जागा रिकामी होती. सापडलं माळ्यावर, जुन्या बॅगांच्या मागे. पुसून कोरडं केलेलं, एका बाजूला नवा पोचा पडलेला. आईचा हात माळ्यापर्यंत पोचत नव्हता, दादा. वरचा साधा डबा काढायला ती तुझी वाट बघायची.

माझा संशय खोटा असेल. असावा असं फार वाटतं. कदाचित तुला ते पातेलं बघवलं नसेल, म्हणून नजरेआड केलंस. पण तसं असलं तरी आई गॅसवरचं कडकडीत पाणी उचलून नेत होती हे तुला तेव्हापासून माहीत आहे, आणि मसुद्यावरची तारीख त्यानंतरची आहे. त्यात लिहिलंय, ‘वृद्धांनाही हा बदल सहज जमला.’ पुढे लिहिलंय की, शहरभर ही सोय करताना ‘नको’ बटण वगळायला हरकत नाही.

तुझं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. आईलाही ते पटलं होतं. पण तिने बटण दाबलं नाही ते तुझ्यासाठी. बाकीच्या शहराचा तू कुणी लागत नाहीस.

रविवारी ये. हे फोनवर बोलायचं नाही, आणि त्याआधी अहवाल कुणाला देऊ नकोस. पातेलं खाली काढून ओट्यावर ठेवलंय. माझा हात माळ्यापर्यंत पोचतो, पण मी ते परत वर ठेवणार नाही.

तू काय सांगशील ते खरं मानायची अजून तयारी असलेली,
तुझी धाकटी बहीण