घोडीची ट्रॉली आणि तुझी जागा

माय, यंदा वरातीच्या घोडीसाठी ट्रॉली करून घेतली. पिकअपच्या मागं जोडायची, दोन चाकांची, जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच. तुझी लाल घोडी तर केव्हाच गेली. तिच्यानंतर दोन झाल्या, आता ही पांढरी आहे. अंगानं मोठी, पण स्वभावानं गरीब. पिकअपच्या हौद्यात चढताना मागच्या साली तिचा पाय फळीवरून घसरला आणि नडगी सोलली, तेव्हापासून फळी दिसली की ती मान वर करून मागं सरायची. लग्नाच्या दिवशी अर्धा तास तिला चढवण्यातच जायचा. म्हणून नांदेडात एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ट्रॉली बनवून घेतली. हौद्यात आता बग्गीची चाकं, छत्र्या, साज, वैरण असं सगळं जातं, आणि घोडी मागून ट्रॉलीत येते. आपल्या लोह्यात असली ट्रॉली कुणाकडंच नाही. पहिल्या दिवशी तर लोक फोटो काढून राहिले होते. मला लई मोठं झाल्यासारखं वाटलं.

तू माझ्या बायकोला पाहिलं नाहीस. तू गेल्यावर चार वर्षांनी आमचं लग्न झालं. ती माझ्याबरोबर सगळ्या लग्नांना येते, घोडीला तीच सजवते, आणि गाडीसुद्धा चालवते, माझ्यापेक्षा सावकाश आणि माझ्यापेक्षा नीट. त्या दिवशी रेणापूरला लग्न होतं. सकाळी निघालो, मी चालवत होतो. अहमदपूरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तसा मी जरा दाबली. स्टिअरिंग हलकं लागत होतं, पुढची चाकं रस्त्याला नीट टेकतच नाहीत असं. मी ते मनावर घेतलं नाही. तेवढ्यात शेजारून एक ट्रक जोरात गेला, त्याच्या वाऱ्यानं ट्रॉली एकदा डावीकडं गेली, मग उजवीकडं, आणि मग थांबेचना. कुत्र्याच्या शेपटीसारखी हलायला लागली आणि पिकअपचीच मागची बाजू ओढून न्यायला लागली. बायको ओरडली, "ओ, मागं बगा, मागं बगा! ब्रेक दाबू नका!" मी ब्रेकच दाबला. माणसाचा पाय तिथंच जातो. ट्रॉली आडवी झाली, तिचं एक चाक रस्त्याच्या कडेला खाली उतरलं आणि आम्ही तिरके उभे राहिलो. उलटली नाही, एवढंच.

आतून आवाज येत होता. खुरांचा, पत्र्यावर. मी सीटवर बसूनच राहिलो, माय. दार उघडायला हात गेला नाही. बायको उतरली, पळत मागं गेली, फळी पाडली, आणि तिथून मला हाका मारायला लागली. घोडी पुढच्या गुडघ्यांवर बसली होती, गुडघे फुटून रक्त येत होतं, डोळे पांढरे झाले होते. बायकोनं तिच्या मानेला मिठी मारली, तोंडानं च्च च्च करत तिला उठवलं. मग कुठं मी खाली उतरलो. नवरीकडच्यांचे फोन येत होते, नवरदेव पारावर बसून होता. मी फोन उचलून खोटं सांगितलं की गाडी पंक्चर झाली. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "दादा, घोडी पडलीय. लागलंय तिला. नवरदेवाला आज पायी न्या, आमाला माफ करा." पलीकडचा माणूस काहीबाही बोलला असेल. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

गुडघे डॉक्टरनं बांधले. हाडाला काही झालं नव्हतं. पण ट्रॉली दिसली की घोडी थरथरायला लागली. मी पिकअप घेऊन आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं गेलो. तो माझ्याच वयाचा, तोंडाळ आणि स्वतःवर भारी खूश. त्यानं लांबूनच बघून निकाल दिला, "बूड बसलंय बग गाडीचं. मागं बसली की पुढं उचलणारच. पाटे वाढव." मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत त्यानं दोन्हीकडं दोन-दोन पाटे वाढवले. गाडी सरळ उभी राहिली, दिसायला ऐटदार. रिकामी ट्रॉली लावून नेली तर तशीच हलली. वर हादरे असे की छातीत लागावेत. मिस्त्री खाली बसून डोकं खाजवत राहिला. म्हणाला, "आता मलाबी कळंना. गाडी तर सरळ हाय."

मग पुढचे काही दिवस मी, बायको आणि मिस्त्री असे आम्ही तिघं त्या हलण्याच्या मागं लागलो. गावाबाहेर कॅनॉलच्या कडेचा रस्ता आहे ना, तू गवत आणायला जायचीस तो, आता डांबरी झालाय आणि तिथं गाड्या नसतात. तिथं घोडीच्या जागी वाळूची पोती टाकायची, गाडी पळवायची, पोती पुढं सरकवायची, पुन्हा पळवायची. वजन एक्सलच्या मागं गेलं की ट्रॉली हलते, पुढं, पिकअपला जोडणाऱ्या दांड्यावर आलं की ती गपगुमान येते, हे पोती सरकवता सरकवता आम्हाला कळलं. फॅब्रिकेशनवाल्यानं एक्सल बरोबर मधोमध टाकला होता आणि वैरण-पाण्याचा ड्रम मी शेवटाला ठेवत होतो. घोडीचं ढुंगण आणि तो ड्रम, दोन्ही मागं. म्हणजे दांडा पिकअपवर टेकायच्याऐवजी तिला वरच उचलत होता. इकडं हौद्यात बग्गीची चाकं मी पार मागं लावलेली, त्यानं बूड बसलेलं. आम्ही ड्रम पुढं घेतला, बग्गीची चाकं केबिनला चिकटवून लावली, आणि हलणं जवळपास गेलं.

मला वाटलं झालं काम. बायको म्हणाली, "गाडी चालवणाऱ्याला बरं वाटून राहिलं म्हणजे झालं का? आत उभं ऱ्हानाराचं काय?"

मी म्हणालो, "तिला काय विचारू, कसं वाटतं म्हणून?"

"ती सांगू शकत न्हाई. तुमी उभं राहून बगा. मी चालवते, हळू."

मिस्त्री हसायला लागला. मला राग आला, पण त्याच्यासमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून चढलो. फळी लावली. पुढच्या आडव्या पाइपला धरून, पोत्यांच्या शेजारी, घोडी जिथं तोंड करून उभी राहते तिथं मी उभा राहिलो आणि गाडी निघाली.

चाळीसच्या वर ती गेली नसेल. तरी प्रत्येक खड्डा दोनदा लागायचा, एकदा पिकअपचा दांड्यातून यायचा आणि लगेच ट्रॉलीचा स्वतःचा. फॅब्रिकेशनवाल्यानं उसाच्या ट्रॉलीचे पाटे टाकले होते, एका घोडीच्या वजनानं ते वाकतच नव्हते. हादरा टाचेतून वर यायचा, गुडघ्यात बसायचा, तिथून कमरेत. गुडघे जरा वाकवून धरले तर मांड्या भरून यायच्या, सरळ धरले तर दात वाजायचे. सायलेन्सरचा धूर तोंडावर. रस्ता दिसत नाही. ब्रेक कधी लागणार, वळण कधी येणार, काही कळत नाही, अंगाला कळतं तेव्हा आपण पाइपवर आपटलेलो असतो. समोर पाइपच्या वरून केबिनच्या मागच्या काचेतून मला फक्त बायको आणि मिस्त्री यांची डोकी दिसत होती. ती दोघं काहीतरी बोलत होती. आणि माय, त्या दोन डोक्यांकडं बघताना मला एकदम कळलं की ही तुझी जागा आहे.

तू हौद्यात उभी असायचीस. लाल घोडी गाडीत एकटी राहत नव्हती, लाथा झाडायची, म्हणून तिच्या गळ्यात हात टाकून तू उभी. किनवटला जायचं असो, लातूरला असो, जाताना आणि येताना. पदर तोंडाला बांधलेला. पुढं केबिनमध्ये आबा आणि मी, टेपवर गाणी लावून. मला ती काच आठवते. मी तिच्यातून कधी मागं बघितल्याचं मात्र आठवत नाही. खड्डा आला की आबा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचे, "घोडी सांभाळ गं!" घोडी सांभाळ. तू सांभाळून उभी राहा, असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि ते वाईट माणूस नव्हते. मीही म्हणालो नाही. एकदा, मी सातवी-आठवीत असेन, मुखेडकडून येताना मला मागं यायचं होतं, मजा म्हणून. तू हौद्यातूनच खेकसलीस, "गप पुढं बस! कपडे धुवून धुवून मी मरू का?" मी रुसून पुढं बसलो. आज वाटतं, ते कपड्यांचं नसणार.

घरी आलो की आबा खाटेवर पडायचे. मी खेळायला जायचो. तू उतरून हौद्याला धरून थोडा वेळ तशीच उभी राहायचीस. मी पाणी मागितलं की म्हणायचीस, "थांब रे, पाय जागचा हालू दे." आपल्या घरात स्वयंपाक उभ्यानं व्हायचा, आठवतं? सगळ्या गल्लीत बायका चुलीपुढं बसायच्या, तू मात्र आबांकडून फरशीचा ओटा करून घेतलास आणि त्यावर स्टो. आत्या तुला चिडवायच्या, "आली बाई शहरातली, खाली बसवत न्हाई हिला." तू हसायचीस. आम्ही पण हसायचो. आणि मी कमवायला लागल्यावर किनवटहून तुझ्यासाठी सागवानी पाट आणला, चांगला रुंद, कडेला नक्षी काढलेला. तू त्याच्यावरून हात फिरवलास, शेजारणींना बोलावून दाखवलास, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पाण्याचा हंडा ठेवलास. मला लई वाईट वाटलं होतं. महिनाभर मी मनात धरून होतो की मी आणलेल्या पाटावर माझी माय बसत नाही. खाली बसल्यावर तुला उठता येत नव्हतं, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. आलं ते त्या दिवशी, ट्रॉलीत.

ट्रॉलीचं काम मग आठवड्याभरात झालं. एक्सल वीतभर मागं सरकवला, म्हणजे घोडीचा भार थोडा दांड्यावर यायला लागला. उसाच्या ट्रॉलीचे पाटे काढून हलके घातले, त्याला शॉकअप लावले. पिकअपचे वाढवलेले दोन पाटे होते त्यातला एकेक काढला. हूक थोडा खाली घेतला, ट्रॉली सपाट राहावी म्हणून. खाली जाड रबराची चटई, पुढच्या पाइपला गादी शिवून बांधली, टायरमधली हवा निघायच्या आधी बघायची सवय लावून घेतली. गुडघे बरे झाल्यावर बायकोनं घोडीला गूळ दाखवत दाखवत आत नेलं. दोन दिवस ती नुसती उभी राहिली, तिसऱ्या दिवशी वैरण खायला लागली. परवा नांदेडला लग्नाला नेली तर मोंढ्याच्या गर्दीतसुद्धा आत रवंथ केल्यासारखी निवांत तोंड हलवत होती. ट्रक शेजारून जातो, ट्रॉली जागची हलत नाही. स्टिअरिंग हातात जड लागतं, जसं लागायला पाहिजे तसं.

पंधरा दिवस, माय. घोडीचे गुडघे फुटले आणि पंधरवड्यात आम्ही तिघांनी मिळून सगळं बदललं. तुझ्या वेळी गाडीच्या पाट्यात काय करायचं होतं ते आबांना कळलं असतं, ते काही कमी हुशार नव्हते. हौद्यात एक गादी, धरायला एक पाइप, निदान घोडीला सवय लावून तुला पुढं बसवणं. तेव्हाही हे सगळं होण्यासारखं होतं. कुणाला सुचलं नाही, कारण तू पडली नाहीस आणि ओरडली नाहीस. हे बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. परवा ती पाटावर हंडा घासत होती, मी नुसता बघत उभा राहिलो. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही न्हाई."

मिस्त्री आता गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो की हा गडी स्वतः ट्रॉलीत उभा राहिला, कॅनॉलपासून पार लिंबोटीच्या वाटेपर्यंत आणि परत, घोडीसाठी. लोक मान हलवतात. एक-दोघांनी तर हात जोडले. मी तसंच चालू देतो. हे तुला लिहून ठेवतो, पाठवायला जागा नाही ते बरंच आहे. मी तेवढं उभा राहिलो नाही. कॅनॉलवरच्या दुसऱ्या पुलाच्या अलीकडंच मी पत्र्यावर हात आपटून गाडी थांबवली. कळलं काय करायचं ते, असं सांगून खाली उतरलो. माझे पाय लटपटत होते ते बायकोनं पाहिलं, मिस्त्रीला सरकायला सांगून जागा करून दिली. तुझी आठवण येत होती, ते खरं आहे. पण केबिनमध्ये मऊ सीटवर टेकलो, दार लावून घेतलं, आणि मला बरं वाटलं, माय.