गिरिजाला झोप लागंना

गडमुडशिंगी,
वैशाख संपत आलाय

चि. सौ. शांभवीस दादाचे पोटभर आशीर्वाद. दाजींना नमस्कार, सासूबाईंना वाकून नमस्कार. तुझी तब्येत बरी असंलच. हिकडं सगळी खुशाल हाईत, फक्त कुणी झोपत न्हाय.

तुझं लग्न होऊन तू संकेश्वरला गेलीस त्या रात्रीपासनं आमची गिरिजा मधेच उठून बसती आणि आत्या कुठाय म्हणून घर डोक्यावर घेती. (चार वर्षांची पोर, पण आवाज आजीचा, आपल्या अव्वाचा, घेतलाय.) अव्वानं आधी दृष्ट काढली. मिरच्या एवढ्या जाळल्या की शेजारचा गुंडू घागर घेऊन आग विझवायला आला. मग मठातली विभूती लावली, ती पोरीनं चाटली. तुझ्या ललिता वहिनीनं दुधात जायफळ उगाळून दिलं. पोरीनं घोटभर घेऊन तोंड फिरवलं, उरलेलं मी प्यालो (टाकायचं कशाला), आणि सकाळी आपल्या गिरणीपुढं दळणाच्या डब्यांची रांग लागली तरी मी अंथरुणातच. पोरगी मात्र जागी.

उलगडा केला तो गुंडूनंच, तेबी झोपंत. परवा दुपारी दळण टाकून तो गिरणीच्या कट्ट्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. गिरिजा खेळता खेळता थांबली, त्याच्या शेजारी जाऊन पडली आणि गाढ झोपली. तवा माझ्या ध्यानात आलं. जन्मल्यापासनं ती तुझ्या कुशीत झोपली, आणि बाई, तू घोरतीस. (तुला बघायला पावणं आलते तवा पोरीला एक खोड न्हाय असं अव्वानं ठासून सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी जमिनीकडं बघितलं. दाजी अजून काय बोलले नसतील तर माणूस देव हाय.)

मग मी स्वतः घोरून बघितलं. पोरीनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हटली, आत्या मधी थांबती, मग शिट्टी वाजवती. ललितानं तर माझं अंथरूण बाहेर सोप्यात नेऊन टाकलं. शेवटी रोज अव्वाच उठती, पोरीला मांडीवर घेती आणि दोघी तुझ्या रिकाम्या जागेकडं बघत बसतात. मलाबी तुझी लई आठवण येती गं.

तुझा दादा,
शिवप्रसाद

ता. क. लग्नात दाजींना दिलेला टेप चालू हाय न्हवं? यष्टीच्या कंडक्टरकडं कोरी कॅसेट देतोय. तू झोपलीस की दाजींना टेप तुझ्या उशाला लावायला सांग. दोन्ही बाजू भरून पाठव.

ता. क. २. पत्र टाकायचं राहूनच गेलं. तेवढ्यात पोरगी आपली आपण झोपायला लागली, आता सकाळीच उठती. तरी कॅसेट पाठव. अव्वा अजून रात्री उठून बसती, आणि विचारलं की पोरगी रडत हुती म्हणती. आषाढात तुला न्यायला येतोच, पण त्याला अजून महिना हाय.